सकाळताईच्या निधनाची बातमी

१

सकाळताई गेली, ही बातमी सगळ्या शहराला सकाळताईच्याच आवाजात कळली.

लोक कामाला निघायच्या गडबडीत होते. टॅक्सीत, न्हाव्याच्या दुकानात, स्वयंपाकघरात नेहमीसारखा रेडिओ चालू होता. गाणं संपलं आणि तो ओळखीचा, किंचित हसरा आवाज म्हणाला, "मंडळी, आज हे सांगताना जीभ अडखळतेय. तुमची सकाळताई आज पहाटे आपल्याला सोडून गेली. इतकी वर्षं तुम्ही तिचे लाड केलेत, तिला घरचं मानलंत. आता तिची एकच शेवटची इच्छा..."

इच्छा काही कळली नाही. खट्‌कन आवाज झाला आणि धापा टाकत एक पुरुष बोलायला लागला. "मंडळी, थांबा. ही बातमी खोटी आहे. सकाळताई ठणठणीत आहे. मी तुमचा सांजराजा बोलतोय. घाबरू नका, मी आहे."

यात भुताखेताचा काही संबंध नव्हता. मालकांच्या जावयाने स्टेशनात एक यंत्र आणून बसवलं होतं. सकाळताईच्या जुन्या कार्यक्रमांवरून ते तिच्यासारखं बोलायला शिकलं होतं. आपण टाइप करायचं आणि त्याने तिच्या आवाजात बोलायचं. गेल्या काही दिवसांपासून सकाळचा कार्यक्रम तेच करत होतं आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही शंका आली नव्हती. आता त्या यंत्राला कुणीतरी जित्या बाईच्या मरणाची बातमी सांगायला लावली होती.

नेमके त्याच वेळी मालकांच्या केबिनमध्ये गादी कंपनीचे साहेब बसले होते. बाकीचे जाहिरातदार केव्हाच मोबाइलकडे पळाले होते. स्टेशन तगून होतं ते या गाद्यांवर. यंत्र किती छान बोलतं हे साहेबांना दाखवायला मालकांनी मुद्दाम कपाटावरचा जुना मोठा रेडिओ खाली काढून लावला होता. साहेबांनी बातमी ऐकली, सांजराजाची धापही ऐकली, आणि कप खाली ठेवून ते निघून गेले.

मालकांनी आधी डोकं धरलं आणि मग फोन उचलला. पोलिसांना नाही, आपल्या आतेबहिणीला.

२

आतेबहीण म्हणजे फौजदारबाई. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली तरी गल्लीतली पोरंसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारत. समोरच्याचं पुरतं बोलून होईपर्यंत चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, हा त्यांचा जुना खाक्या. कित्येकांनी नुसतं त्या चेहऱ्याला घाबरून गुन्हे कबूल केले होते.

फोनवर सकाळताईचं नाव ऐकलं आणि फौजदारबाईंना जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना बरं वाटलं.

कारण जुनं होतं. त्यांच्या यजमानांचा दिवस या बाईच्या आवाजाने उजाडायचा. बायको वर्दी चढवून दारातून बाहेर पडे तेव्हा नवरा रेडिओपुढे बसून एकटाच हसत असे. "किती गोड बोलते गं ही," असं एकदा ते सहज म्हणाले होते, आणि त्यातला तो 'ही' फौजदारबाईंच्या काळजात जो रुतला तो रुतलाच. पुढे यजमान अंथरुणाला खिळले. रेडिओ उशाशी आला. शेवटच्या दिवसांत बायको ड्युटीवर आणि ही बया त्यांच्या कानाशी, असा तो संसार चालला होता. यजमान गेले, पण बाईंच्या पोटातलं दुखणं काही गेलं नाही.

स्टेशन एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. लिफ्टमधून बाहेर आलं की दाराशी रखवालदाराचं टेबल, तिथून एक लांब बोळ, बोळात ओळीने स्टुडिओ, मालकांची केबिन आणि टोकाला कँटीन. रखवालदाराच्या टेबलावर एक खरखरणारा ट्रान्झिस्टर होता. त्यावर गादीची जाहिरात लागली होती. त्यातला नवरा घोरत होता आणि बायको कंपनीचे आभार मानत होती. फौजदारबाईंना घसा ओला करायचा होता, म्हणून त्या आधी थेट कँटीनमध्ये गेल्या. तिथे भिंतीवरच्या निळ्या दिव्याच्या स्पीकरच्या डब्यात तोच नवरा पुन्हा घोरायला लागला. एकच गादी लागोपाठ दोनदा विकतात, अशी चाल आली असेल, असं म्हणून बाई पाणी पिऊन केबिनकडे वळल्या.

मालकांनी दार लावून घेतलं आणि करार समजावून सांगितला. सकाळताईने आपला आवाज यंत्राला फक्त चाचणीपुरता दिला होता. चाचणी आज संध्याकाळी संपत होती. तिने नाही म्हटलं तर यंत्रातला तिचा आवाज पुसून टाकायचा. मात्र तिने स्टेशनचं मुद्दाम नुकसान केलं असं ठरलं, तर तिची नोकरी जाणार आणि आवाज कायमचा स्टेशनकडे राहणार.

"म्हणजे ती दोषी निघाली तर तुझा फायदाच आहे," फौजदारबाई म्हणाल्या.

"अक्का, फायद्याचं सोड. तिच्याशिवाय करणार कोण? यंत्र आल्यापासून तिच्या पोटात दुखतंय. तू फक्त संध्याकाळच्या आत तसं सांग. तुझ्या शब्दाला वकीलसुद्धा मान देतो."

फौजदारबाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आत मात्र कुणीतरी खुर्ची सरसावून बसलं.

३

पहिला नंबर जावयाचा. हा मुलगा हुशार होता, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. रेडिओ म्हणजे म्हातारा आजोबा आहे, त्याला उचलून मोबाइलमध्ये बसवला नाही तर तो असाच खोकत मरेल, असं त्याचं म्हणणं. बोळातल्या सगळ्या जुन्या वायरी त्याने उपटून टाकल्या होत्या. इमारतीत आता जे काही वाजे ते स्टेशनच्या अॅपवरून, निळ्या डब्यांतून. सासऱ्यांच्या केबिनमधला रेडिओ आणि रखवालदाराचा ट्रान्झिस्टर तेवढे त्याच्या तावडीतून सुटले होते.

यंत्रावर टाइप कोण करू शकतं, असं फौजदारबाईंनी विचारलं. तो जरा घुटमळला. मग कळलं की पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहीना, म्हणून तो चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवला होता. शिवाय बातमी आदल्या दिवशीच टाइप करून, ती कधी वाजायची ती वेळ लावून ठेवलेली होती. म्हणजे बातमी वाजली तेव्हा कोण कुठे होतं याला फारसा अर्थ नव्हता.

"वा, जावईबापू. तिजोरी घेतली आणि किल्ली दाराला टांगली," बाई म्हणाल्या. जावयाचे कान लाल झाले.

दुसरे कानमास्तर. हे स्टेशनचे ध्वनितंत्रज्ञ. सकाळताईच्या आवाजातली सर्दी घरच्यांना कळायच्या आत यांना कळत असे. इतकी वर्षं तिचं बोलणं कापलं, सांधलं, गुळगुळीत केलं ते यांनीच. आता यंत्र मुळातच गुळगुळीत बोलत होतं आणि कानमास्तरांच्या हाताला काम उरलं नव्हतं. बातमीच्या वेळी ते मालकांच्या केबिनमध्ये जुना रेडिओ जुळवत उभे होते.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "यंत्राचा मला राग आहे. सवतीचा असतो तसा. पण मी असतो तर ते बंद पाडलं असतं. ताईंना मारलं नसतं."

मग बातमी कुणी लिहिली असेल, असं बाईंनी विचारलं. ती वाक्यं ताईंच्या वळणाची होती, असं कानमास्तर म्हणाले. 'जीभ अडखळतेय', 'लाड केलेत', हे सगळं तिचंच. जावयाला असं लिहिता येणार नाही आणि मालकांना तर नाहीच नाही. लिहिणारा तिला अगदी जवळून ओळखणारा होता.

"असे किती जण आहेत?"

"मी," कानमास्तर म्हणाले. "सांजराजा. पूर्वी सकाळचा कार्यक्रम ते दोघं जोडीने करायचे. आणि अर्थात, त्या स्वतः."

ते 'स्वतः' फौजदारबाईंना गोड लागलं. लागायला नको होतं.

४

सांजराजा कँटीनमध्ये बसला होता आणि आज तो खऱ्या अर्थाने राजा होता. सकाळपासून त्याचा फोन वाजत होता. त्याने धावत जाऊन यंत्र बंद केलं नसतं तर शहरात रडारड झाली असती, असं जो तो म्हणत होता. संध्याकाळच्या त्याच्या कार्यक्रमाला कात्री लागायची होती. त्याच्या जागी कंप्युटरने निवडलेली गाणी वाजणार होती. आता मालक त्यालाच सकाळची जागा द्यायच्या विचारात होते. माणूस तो माणूस, यंत्राला काय कळतं, असं मालक सकाळपासून दोनदा म्हणाले होते.

तुम्ही सकाळी सकाळी इथे कसे, असं फौजदारबाईंनी विचारलं. मालकांशी कार्यक्रमाबद्दल बोलायचं होतं, तो म्हणाला. एरवी तो दिवेलागणीला येई, तेव्हा कँटीनला कुलूप असे. आज चहा घेत बसला होता. मग बातमी ऐकली.

"कुठे ऐकली?"

"इथेच. या डब्यावर. तिचा आवाज आला, 'सोडून गेली' म्हणाला, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तसाच धावलो. स्टुडिओ चार पावलांवर तर आहे."

त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटे वाटत नव्हते.

कँटीनच्या मावशी फडक्याने एकच टेबल पुन्हापुन्हा पुसत होत्या. त्यांची जबानी मागितली तर त्यांनाच अपराध्यासारखं झालं. त्यांचं डोकं मेलं जरा उशिराच चालतं, असं त्या म्हणाल्या. सांजराजा भरला कप टाकून ताडकन उठून पळाला तेव्हा त्यांना नुसतं गाणंच ऐकू येत होतं. याला काय झालं म्हणून त्या दाराकडे बघत राहिल्या, आणि मग कुठे ती बातमी त्यांच्या कानात शिरली आणि हातातला ट्रे पडला.

"आणि ताई गेल्या म्हणून मी रडायला तोंड उघडतेय, तोवर हा त्या डब्यातून बोलायलासुद्धा लागला," मावशी म्हणाल्या. "पायाला चाकं आहेत मेल्याच्या. देव त्याचं भलं करो."

फौजदारबाईंनी मान डोलावली. घाबरलेल्या माणसाला आधीचं नंतर आणि नंतरचं आधी आठवतं, हे त्यांनी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्यांचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. शेवटची साक्ष अजून राहिली होती, आणि तिच्यासाठी त्यांनी पर्समधला आरसा काढून केस सारखे केले. हे आपण का करतोय, याचं उत्तर त्यांनी स्वतःलाही दिलं नाही.

५

सकाळताई रेकॉर्डिंगच्या लहान खोलीत बसली होती. फौजदारबाईंनी इतकी वर्षं मनात एक नटवी, मानेला झटके देणारी बाई रंगवून ठेवली होती. समोर निघाली ती चष्मा कपाळावर चढवलेली, पायात सपाता घातलेली, थकलेली बाई. तेवढ्यानेही फौजदारबाईंना राग आला. निदान दिसायला तरी सुंदर असायला हवी होती.

बातमीच्या वेळी कुठे होतात, असं विचारल्यावर तिने आधी टाळाटाळ केली. मग म्हणाली, खाली गाडीत बसले होते. यंत्र आल्यापासून सकाळची सुट्टी होती, पण घरी करमत नव्हतं. रोज वेळेवर यायचं, गाडी लावायची आणि गाडीतल्या रेडिओवर स्वतःला ऐकत बसायचं.

"सोबत कोणी होतं?"

"मीच. रेडिओवरही मीच." तिला हसू आलं नाही. "खरं सांगू? ती माझ्यापेक्षा बरी बोलते. तिला खोकला येत नाही. तिचं घरी भांडण झालेलं नसतं. मी आयुष्यभर ज्या लोकांना जपलं, त्यांना फरकसुद्धा कळला नाही. एकानेही फोन करून विचारलं नाही, की ताई, आज वेगळ्या का वाटता. माझा किती जळफळाट झाला असेल, सांगा."

"मग बातमी तुम्हीच लावली?"

"नाही." तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. "पण तिला मारून टाकावं असं मनात रोज यायचं. हेही लिहून घ्या."

उघड्या दारात मालक उभे होते. त्यांनी नेमकं शेवटचं वाक्य ऐकलं, फौजदारबाईंकडे बघून भुवया उंचावल्या आणि ते समाधानाने केबिनकडे गेले.

फौजदारबाई दम खायला बाहेर पडल्या आणि रखवालदाराच्या टेबलाशी थांबल्या. ट्रान्झिस्टरवर एक जुनं गाणं संपत आलं होतं. शेवटची ओळ, मग बासरी, मग गादीवाल्या नवऱ्याचं घोरणं. बाईंना वैताग आला. त्या पुन्हा कँटीनकडे चालू लागल्या.

कँटीनच्या दारातच त्यांचे पाय थबकले. निळ्या डब्यावर गाणं अजून संपलेलं नव्हतं. शेवटची ओळ आता कुठे येत होती. मग बासरी आली. आणि मग तोच नवरा घोरायला लागला.

मावशींनी विचारलं, चहा देऊ का? फौजदारबाईंनी ऐकलंच नाही. गुन्हेगाराचं नाव त्यांना कळलं होतं.

त्या तशाच केबिनमध्ये जाऊन बसल्या. मालकांनी वकिलाला फोन लावायची तयारी केलेली होती. "मग, अक्का? तीच ना? तिने तर कबूलच केलं."

बोलायला एक शब्द पुरेसा होता. फौजदारबाईंच्या डोळ्यांपुढे उशाशी ठेवलेला रेडिओ आला, नवऱ्याचं ते एकट्याने हसणं आलं. त्यांनी स्वतः काही खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की काम होत होतं. एका बाईचा आवाज जन्मभरासाठी दुसऱ्याच्या डब्यात बंद झाला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं.

मालक वाट बघत राहिले. फौजदारबाई 'नाही' म्हणाल्या नाहीत.

६

ऊन उतरलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मधला सारा वेळ त्या केबिनच्या खिडकीशी नुसत्या बसून होत्या. मालकांना वाटलं, अक्का दमली. अक्का स्वतःशी भांडत होती. ज्या बाईने आपल्याला कधी पाहिलंही नाही, तिचा सूड तरी कसा घ्यायचा, इथवर येऊन ते भांडण थांबलं होतं. आणि दुसरी गोष्ट साधी होती. नोकरीत त्यांनी चुकीच्या माणसाला कधी आत टाकलं नव्हतं. पेन्शनीत आल्यावर ते सुरू करायचं त्यांना जमेना.

मालक, जावई, कानमास्तर, सांजराजा, सकाळताई आणि मावशी असे सगळे बसले. दाराशी रखवालदार उभा होता. फौजदारबाईंनी त्याच्या हातातला ट्रान्झिस्टर घेतला आणि नेऊन निळ्या डब्याखाली ठेवला.

"सांजराजा," त्या म्हणाल्या, "सकाळी तुम्ही बातमी कुठे ऐकलीत, ते सगळ्यांना पुन्हा सांगा."

त्याने सांगितलं. इथेच, या डब्यावर. ऐकली आणि धावलो.

"ठीक. आता कुणी बोलू नका."

बाईंनी ट्रान्झिस्टर सुरू केला. ट्रान्झिस्टरवर गाण्याचं दुसरं कडवं चाललं होतं. डब्यावर अजून पहिलंच होतं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून असा काही गोंधळ उडाला की कानमास्तरांनी कळवळून कानांवर हात ठेवले. मग ट्रान्झिस्टरवरचं गाणं संपलं. जाहिरात लागली आणि संपलीसुद्धा. डब्यावरचं गाणं आपलं चाललंच होतं.

"हे डबडं नेहमीच मागे असतं," रखवालदार म्हणाला. "मी म्हणून माझाच लावतो."

जावई गडबडीने सांगायला लागला, की अॅपवर आवाज असा उशिरानेच पोचतो, सगळ्याच अॅपवर पोचतो, त्यात त्याची काही चूक नाही. फौजदारबाईंनी हात वर केला तसा तो गप्प झाला.

"तुमची चूक कोण म्हणतंय? तुमचे उपकारच झाले." त्या सांजराजाकडे वळल्या. "केबिनमध्ये साहेबांनी बातमी जुन्या रेडिओवर ऐकली. तुम्ही ती तीन वाक्यांनंतर बंद केलीत. तेव्हा या डब्यावर बातमी सुरूदेखील झालेली नव्हती. मावशी म्हणाल्या, तुम्ही पळालात तेव्हा इथे गाणं चालू होतं. मी म्हटलं, बाई घाबरल्या असतील. त्या घाबरल्या नव्हत्या, त्यांनी जसं झालं तसं सांगितलं. तुम्ही काहीच ऐकलं नव्हतं. जे इथे अजून वाजलंच नव्हतं, ते थांबवायला तुम्ही धावलात. ते कधी वाजणार हे एकालाच ठाऊक असणार, ज्याने ते लावलं त्याला."

सांजराजा त्या निळ्या दिव्याकडे बघत राहिला. रेडिओत बोललेला शब्द त्याच क्षणी सगळीकडे पोचतो, याच्यावरच तर त्याचं आयुष्य गेलं होतं. शब्द वाटेत रेंगाळू शकतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सकाळच्या वेळी या कँटीनमध्ये तो आजच पहिल्यांदा बसला होता. आपण स्टुडिओत नव्हतो याला कुणीतरी साक्षीदार हवा, म्हणून घड्याळावर डोळा ठेवून. काटा वेळेवर आला तसा, डब्यावर काय वाजतंय तिकडे कान न देता, तो उठून धावला होता.

"का रे?" सकाळताईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि ते त्याला सहन झालं नसावं.

"आपण दोघं होतो," तो म्हणाला. "तू आणि मी. एकाला ठेवायचं ठरलं तेव्हा तुला ठेवलं. मला अंधार पडल्यावरची वेळ दिली, जेव्हा कोणी रेडिओ लावत नाही. आता यंत्र आणलं, तर यंत्रालाही तुझाच आवाज हवा. माझा आवाज चोरावा असंसुद्धा कुणाला वाटलं नाही गं." त्याने मावशींकडे पाहिलं. "आज तू मेलीस म्हणून माणसं रडली. मी मेलो तर चालू गाणंही कोणी थांबवणार नाही."

मावशींनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मग, त्याचं भलं चिंतल्याचं आठवून की काय, तो परत उचलला.

मालक भानावर आले ते सगळ्यात आधी. झालं ते झालं, सकाळताईवरचा डाग धुतला गेला, यंत्रातही काही खोट नाही, साहेबांची समजूत काढता येईल, तेव्हा आता ताईंनी 'हो' म्हणून विषय संपवावा, असं त्यांनी सुचवलं. पगार चालू राहील. काम काहीच नाही. घरी बसून स्वतःला ऐकायचं.

"पुसून टाका," सकाळताई म्हणाली.

"ताई, नीट विचार करा. मग ही नोकरीही राहणार नाही. आम्ही दुसरा आवाज घेऊ. आवाजांना काय तोटा आहे?"

"घ्या की. पण माझा आत्ता, माझ्यासमोर पुसा. कानमास्तर, तुम्हीच पुसा. तुमचा हात हलका आहे."

७

बाहेर दिवे लागायला लागले होते. सकाळताईने गाडीची किल्ली हातात घेतली, पण दार न उघडता ती नुसती उभीच राहिली. फौजदारबाईंनी किल्ली काढून घेतली आणि त्याच गाडी चालवायला बसल्या.

"तुम्हाला केव्हा कळलं?" सकाळताईने विचारलं.

"दुपारी."

"मग संध्याकाळपर्यंत का थांबलात?"

फौजदारबाईंनी सिग्नलकडे पाहिलं. तो हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. "माझे यजमान तुम्हाला ऐकायचे," त्या म्हणाल्या. "रोज. आजारपणातसुद्धा. शेवटपर्यंत."

सकाळताई हुशार बाई होती. तिने 'मग काय झालं' असं विचारलं नाही, की माफीही मागितली नाही. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांना काय आवडायचं? कुठलं गाणं?"

आणि उभ्या शहराच्या भानगडी ज्यांना ठाऊक, त्या फौजदारबाईंना उत्तर येईना. हिचा आवाज सुरू झाला की त्या न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडत. नवऱ्याला काय आवडायचं, तो नेमका कशाला हसायचा, हे नळाच्या आवाजात वाहून गेलं होतं. ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "तुम्ही सकाळी काय बोलायचात?"

"काही विशेष नाही. असंच."

"बोला."

सकाळताईने चष्मा काढला, घसा साफ केला, डोळे मिटले. तिच्यापुढे माईक नव्हता आणि ऐकणारं माणूस एकच होतं.

"मंडळी, उठलात का? नसाल तर नका उठू. मी आहे इथे. तुमच्या घरातलं माणूस कामावर गेलं असेल, घर रिकामं वाटत असेल, तर मला जरा मोठ्याने लावा. ते माणूस परत येईपर्यंत मी बोलत राहते."

फौजदारबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. आवाज खरंच फार चांगला होता. त्यांना तिचा पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला, आणि त्या म्हणाल्या, "अजून."